पाठमोरा शिपाई

चार महिन्यांपूर्वीपर्यंत आमच्या घरात कलाकार एकच होता आणि तो मी होतो. याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. बायकोचं तर नव्हतंच. पाहुणे आले की ती आपणहून सांगायची, ह्यांचा हात लय चांगला हाय, आणि चहा टाकायला आत जायची. ही व्यवस्था लग्न झाल्यापासून बिनतक्रार चालली होती. ती मोडली एका लंगड्या प्लॅस्टिकच्या शिपायामुळे.

मी तळेगावजवळच्या एका कारखान्यात नोकरीला होतो. आम्ही खोकी छापायचो, साबणाची, बिस्किटांची, उदबत्तीची. खोक्यावरचं चित्र तेव्हा हाताने रंगवावं लागे, ते माझं काम. लोणावळ्याहून सकाळची लोकल धरायची आणि संध्याकाळच्या लोकलने परत यायचं. या नोकरीखेरीज एक वरकड काम मी घरी करायचो आणि खरं सांगायचं तर माझा जीव त्यातच होता. खेळणी बनवणारा एक कारखानदार होता. तो हातपाय वळणारे चार इंची शिपाई काढायचा. आता लोक त्यांना अ‍ॅक्शन फिगर म्हणतात, आम्ही शिपाईच म्हणायचो. एकेक शिपाई एकेका कार्डावर, त्याच्यावर प्लॅस्टिकचा पारदर्शक फुगा, आणि कार्डभर चित्र. ते चित्र माझं.

त्या चित्राचं एक शास्त्र होतं. फुग्यातला शिपाई बिचारा गरीब असतो. त्याला दोनच रंग मिळालेले, तोंड वाटाण्याएवढं, उजवा हात खांद्यातून फिरतो हेच काय ते कौतुक. त्याच्या वाट्याचा सगळा पराक्रम कार्डावर करून दाखवायचा असतो. म्हणून मी त्याला जळत्या पुलावर उभा करायचो, खाली दरी ठेवायचो, आणि आभाळ नारंगीतून जांभळ्यात असं उतरवायचो की रंग कुठे बदलला ते कळू नये. त्यासाठी जुन्या दातांच्या ब्रशने रंग उडवत बसायचो. आमच्या इथल्या नागफणीचा सुळका मी निदान पाच कार्डांवर घातला आहे, कधी बर्फात, कधी वाळवंटात. खंडाळ्याच्या बोगद्यातून मी रणगाडे बाहेर काढले. फुग्याखाली झाकली जाणारी जागासुद्धा मी कोरी सोडली नाही. फुगा फाडून शिपाई बाहेर काढला की मागे एखादी पायवाट दिसावी, एवढीच हौस. कारखानदार म्हणायचा, ते कोण बघतंय? मी तरी काढायचो.

कार्डावर किंमत असायची, कारखान्याचा पत्ता असायचा. चित्र काढणाऱ्याचं नाव टाकायची पद्धत नव्हती.

त्यामुळे गेल्या भाद्रपदात पुण्याचे एक गृहस्थ पत्ता शोधत आमच्या दारात आले आणि त्यांनी विचारलं, "काका, तो जळणारा पूल तुम्ही काढलाय?", तेव्हा मला काय वाटलं ते मी इथे लिहीत नाही. पस्तीस वर्षांनी कुणीतरी विचारत होतं. गृहस्थ पंचेचाळिशीचे, इंजिनिअर, वलवणच्या बाजूला त्यांचा शनिवार-रविवारचा बंगला. लहानपणी फाडून टाकलेली कार्डं आता ते शोधून शोधून गोळा करतात आणि काचेच्या पेट्यांत ठेवतात. बरोबर त्यांनी एक पिशवी आणली होती. तिच्यात कार्डं हरवलेले, मोडके शिपाई होते. कुठला शिपाई कुठल्या कार्डावरचा ते मी सांगावं, म्हणून आणलेले. मी तीन तास सांगत होतो. बायकोने दोनदा पोहे केले. जाताना त्यांनी डावा पाय तुटलेला एक शिपाई माझ्यासाठी ठेवला. जळत्या पुलावरचा तोच.

मी तो कौतुकाने टीव्हीवर ठेवला. एका पायावर तो उभा राहीना, सारखा पडायचा. दोन दिवसांनी पाहतो तर टीव्हीवर शिपाई नाही. खिडकीत, चहाच्या जुन्या ट्रेमध्ये, तो बसला होता. उदबत्तीच्या काड्यांचं बाकडं, वर माझ्या बीपीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचं पत्र्याचं छप्पर, खाली चहाच्या वाळवलेल्या चोथ्याची माती. तुरकाठीच्या ढलपीची कुबडी बाकड्याला टेकवलेली. शेजारी चिंधीचं गाठोडं. त्याची मान थोडी वळवलेली, रस्त्याकडे. लढाई संपवून हा घरी निघाला होता आणि एसटी आली नव्हती.

"त्यो पडत व्हता सारका," बायको म्हणाली, "म्हणून बसवला."

मी म्हटलं, बरं केलंस. खरोखर तेव्हा मला काही वाटलं नाही. घरातल्या बाईने वेळ घालवायला काहीतरी केलं, यापलीकडे मी पाहिलंच नाही. वाटलं ते शनिवारी. ते गृहस्थ पुन्हा आले, पुलाबद्दल आणखी विचारायला. आत पाऊल टाकलं आणि खिडकीपाशीच थांबले. मी पुलाबद्दल बोलायला लागलो होतो. त्यांचं लक्ष नव्हतं. चहा निवला. माझ्या कार्डाकडे ते पहिल्या दिवशी जेवढा वेळ पाहत राहिले होते, त्याहून जास्त वेळ ते त्या ट्रेकडे पाहत होते. हे मला नक्की ठाऊक आहे, कारण मी दोन्ही वेळा त्यांच्या तोंडाकडेच पाहत होतो.

मग तेच सुरू झालं. दर शनिवारी ते पिशवी घेऊन यायचे आणि ती मावशींच्या हातात द्यायचे. मावशी म्हणजे माझी बायको. परंदवडीच्या शेतकऱ्याची मुलगी, शाळा सातवीपर्यंत, बाजारातल्या चिक्कीच्या दुकानात बावीस वर्षं पॅकिंगला. तिने आयुष्यात ब्रश धरला नव्हता. माहेरी गौरीपुढची आरास करायचे, पण तीही तिची वहिनी करायची आणि ही समया पुसायची. तिच्या हाताला एकच गोष्ट येत होती, तीन घड्यांत चिक्कीचा बॉक्स उभा करणं. आणि आता हीच बाई शेंगांच्या टरफलांचे बांध घालत होती.

ती कधीच कुणाला लढायला लावायची नाही. ज्याची मूठ बंदुकीसाठी वळलेली, त्याच्या मुठीत तिने सेफ्टी पिनेचा विळा दिला आणि त्याला भात कापायला वाकवला. पाणबुड्या शिपाई होता, तोंडावर काच, पायात बदकासारखे पंख. त्याला तिने कोरड्या नळापुढे हंडा घेऊन रांगेत उभा केला. लोखंडी मुखवट्याचा दुष्ट सरदार देवळाच्या पायरीशी बसून लोकांच्या चपला सांभाळत होता. पाहणारा आधी हसायचा आणि मग हसणं थांबवून पाहत राहायचा. मीही तसाच पाहत राहायचो. म्हणून तर जास्त राग यायचा.

मत्सर म्हणा, हेवा म्हणा, हे शब्द फार सभ्य आहेत. माझं पोट जळत होतं. सकाळी ती चोथा वाळत घालायची तेव्हापासून जळायला लागायचं. शेजारपाजारचे लोक आता ट्रे बघायला यायचे. जिच्याकडे लोक कधी साखर मागायलाही यायचे नाहीत तिला विचारायचे, हे कसं सुचलं तुम्हाला? ती सांगायची, काय न्हाई, आसंच. हे 'आसंच' ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी पेन्सिल पकडायला शिकलो तेव्हा मास्तरांनी माझ्या बोटांवर पट्टी मारली होती. सावली कुठे पडते हे समजायला मला सहा वर्षं लागली. आणि हिला आसंच.

मी खुसपटं काढायला लागलो. हंडा शिपायाच्या छातीएवढा झालाय, प्रमाण चुकलं. उजेड दोन बाजूंनी येतोय, असं जगात होत नाही. लांबचं झाड जवळच्यापेक्षा लहान पाहिजे. ती ऐकून घ्यायची, व्हय का, म्हणायची, आणि तसंच ठेवायची. एकदा मात्र तिने माझं ऐकलं. मी सांगितल्याप्रमाणे हंडा लहान केला. प्रमाण अगदी अचूक झालं आणि देखावा मेला. दुसऱ्या दिवशी मोठा हंडा परत जागेवर होता. ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

मग मी स्वतः एक देखावा केला. प्लॅस्टरचा डोंगर, त्यावर रंग, कापसाचा धूर, धुराला खालून लाल छटा, आणि कड्यावर झेप घेणारा शिपाई. दहा दिवस खपलो. गुडघे दुखले. शनिवारी गृहस्थांपुढे ठेवला. त्यांनी वाकून सगळ्या बाजूंनी पाहिलं, मनापासून पाहिलं, आणि म्हणाले, "छान आहे काका. एकदम कार्डासारखं."

ते चांगलं म्हणूनच म्हणाले होते. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

डिसेंबरात ठरलं की लोणावळ्यात एका सभागृहात प्रदर्शन भरवायचं. तिचे आठ देखावे टेबलांवर, आणि मागे भिंतीवर माझी मूळ चित्रं. निमंत्रणपत्रिका छापून आली. वर मोठ्या अक्षरांत मोडक्या शिपायांचे देखावे, त्याखाली तिचं नाव, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत, जुन्या कार्डांवरील चित्रांसह. माझं नावही होतं. ते तिनेच आग्रहाने घालायला लावलं, असं गृहस्थांनी मला सांगितलं. त्याने मी अधिकच चिडलो. आयुष्यभर मी फुग्याच्या मागे होतो आणि आता बायकोच्या मागे.

सात देखावे तयार झाले. आठवा ती स्वयंपाकघराच्या ओट्याच्या टोकाला करत होती आणि वर वर्तमानपत्र टाकून ठेवत होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, ह्याच्यात मला काय सांगू नका, ह्यो हाय तसाच ऱ्हाऊ द्या. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात तिच्या भाच्याचा साखरपुडा होता, म्हणून ती दोन दिवसांसाठी परंदवडीला गेली. मी गुडघ्याचं निमित्त करून घरी राहिलो. दुपारी जेवण झालं, भांडं विसळलं, आणि मी वर्तमानपत्र उचललं.

आत एक खोली होती. चिक्कीच्या खोक्याच्या तीन भिंती. काडेपेटीचं टेबल, टेबलाशी स्टुलावर शिपाई बसलेला, आपल्याकडे पाठ करून. अंगात कापडाच्या चिंधीचं बनियन. टेबलापुढे भिंतीत चौकोनी भोक, म्हणजे खिडकी. शिपायाच्या मागे, जमिनीवर, शर्टाच्या बटणाचं ताट आणि त्यावर दुसरं बटण पालथं घातलेलं. बस्स. बाकी खोली रिकामी.

मी फार वेळ पाहिलं. यात काय आहे तेच मला कळेना. हंडा नाही, विळा नाही, गंमत नाही. आणि पाठ! खोक्याच्या धंद्यातला पहिला नियम हा की तोंड गिऱ्हाइकाकडे पाहिजे. बिस्किटाचं खोकं असो की शिपायाचं कार्ड, मी कधी पाठ रंगवलेली नाही. शेवटी हिचं चुकलं, अगदी उघड चुकलं, हे बघून मला जो आनंद झाला तो सांगायलाही लाज वाटते. वाटलं, आपण हे सुधारू. सुधारलं की तीच कबूल करेल, आणि गृहस्थही विचारतील की हा कुणी केला.

शिपाई स्टुलाला चिकटवलेला होता. मी त्याला कमरेतून वळवायला गेलो. या शिपायांच्या पोटात एक रबरी कडं असतं, त्याने वरचं आणि खालचं धड एकत्र धरलेलं असतं. पस्तीस वर्षांत ते वाळून गेलं होतं. कट् झालं. पाय स्टुलावर राहिले आणि धड माझ्या हातात आलं. तिथेच थांबायला हवं होतं. मी औषधांच्या पुडक्याचं बारीक रबर शोधलं, दोन्ही तुकडे जोडले, आणि शिपाई समोर तोंड करून बसवला. आता तोंड इकडे आणि टेबल तिकडे हे बरं दिसेना, म्हणून टेबल कोपऱ्यात सरकवलं. हात रिकामे दिसले, म्हणून पिस्तूल दिलं. भिंती ओक्याबोक्या होत्या, त्यांच्यावर आभाळ रंगवलं, नारंगीतून जांभळ्यात. रंग सुरेख उतरला. त्या चार महिन्यांतली सगळ्यात सुखाची दुपार तीच होती. बटणाचं ताट पुढे येऊन चित्र अडवत होतं. ते मी काढून टाकलं.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पिशवी खाली ठेवली, पाय धुतले, साखरपुड्याचे लाडू डब्यात भरले आणि मग वर्तमानपत्र उचललं. मी दाराशी उभा होतो. माझं बोलणं तयार होतं, नियम, गिऱ्हाईक, तोंड, सगळं. तिने वाकून आत पाहिलं. मग म्हणाली, ताट कुटं गेलं? मी म्हटलं, अगं, ते मध्ये येत होतं. तिने वर्तमानपत्राची घडी केली आणि पाटावर बसली.

"त्यो तुमी व्हता," ती म्हणाली.

मला कळलं नाही. मग तिने सांगितलं, अगदी सावकाश, न रागावता. लग्नानंतर आमची एकच खोली होती. मी कारखान्यातून यायचो आणि तोंड धुऊन खिडकीपाशी कार्डं रंगवायला बसायचो, रविवारी तर दिवसभर. ती ताट वाढून माझ्या मागे ठेवायची. मी म्हणायचो, ठेव तिथं. थोड्या वेळाने ती वर दुसरं ताट पालथं घालायची, निवू नये म्हणून. पहिली आठ-दहा वर्षं असंच. तेव्हा मी तिच्याशी वाईट वागलो असं तिचं म्हणणं नव्हतं. तुमचं काम चाललेलं असायचं, एवढंच ती म्हणाली.

"त्या वर्सातलं तुमचं त्वांड मला आटवतच न्हाई. पाठ आटवती. बनियनला कुटं भोक व्हतं त्ये बी आटवतं."

मी पुन्हा कर म्हणालो. रबर काढून देतो, भिंती नव्या लावतो, ताट मी शोधून आणतो, कचऱ्यात असेल. मी गॅलरीत जाऊन बसतो, बघणारसुद्धा नाही. तिने शिपाई उचलला, हातात धरला, एकदा वळवून पाहिला. पिस्तूल काढून ओट्यावर ठेवलं. मग शिपाईही ठेवून दिला.

"आता न्हाई जमायचं," ती म्हणाली. "गेलं चार म्हैनं तुमी दिसभर माज्या हाताकडं बगत बसलाय. जळत का असंना, पर बगताय. आता मला ती पाठ दिसतच न्हाई."

एवढं बोलून तिने तांदूळ धुवायला घेतले.

प्रदर्शनात सातच देखावे लागले. गृहस्थांनी आठव्याबद्दल विचारलं, तर ती म्हणाली की तो जमला नाही. मी पुढे होऊन सांगितलं की तो माझ्या हातून मोडला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्यांना वाटलं अपघात. मग लोक यायला लागले आणि मला कोपऱ्यात खुर्ची मिळाली. लोक देखाव्यांपुढे थांबत होते, तिला विचारत होते, ती आसंच म्हणत होती, आणि हो, माझं पोट तेव्हाही जळत होतं. मागच्या भिंतीवरचं माझं नारंगी आभाळ अधूनमधून कुणीतरी बघायचं.

दुपारी जेवायला सगळे पांगले तेव्हा मी उठलो आणि एकेका टेबलापाशी गेलो. या वेळी प्रमाण बघायला गेलो नव्हतो. एसटीची वाट पाहणारा तिचा थोरला भाऊ होता, तीच मान, तेच गाठोडं. विळा धरून वाकलेले तिचे वडील. हंडा घेतलेली आमची जुनी शेजारीण, चपला सांभाळणारा चिक्कीच्या दुकानातला म्हातारा हमाल. सगळे मला ओळखू आले. मी सातही देखावे दोनदा फिरून पाहिले. मी कुठेच नव्हतो.